हवामानाचा अंदाज: महासंगणकाचे गणित की कृत्रिम बुद्धिमत्ता?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील ‘अर्का’ हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ हजार लाख कोटी आकडेमोडी करू शकणारा महासंगणक वातावरणाचे लहान चौकटींत विभाजन करून प्रत्येक चौकटीतील वारा, दाब, तापमान आणि बाष्प यांची भौतिकशास्त्रीय समीकरणे टप्प्याटप्प्याने सोडवतो. २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’मध्ये या चौकटी १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या झाल्या, मात्र चौकट जितकी लहान, तितके गणित आणि विजेचा खर्च अफाट वाढतो.

गुगल डीपमाइंडच्या ‘ग्राफकास्ट’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपाची (मॉडेलची) वाट वेगळी आहे. १९७९ पासूनच्या जागतिक नोंदींवरून शिकलेले हे प्रारूप समीकरणे न सोडवता दहा दिवसांचा अंदाज एका मिनिटाच्या आत देते, आणि अनेक निकषांवर तो युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या (ECMWF) पारंपरिक, समीकरणांवर आधारित अंदाजापेक्षा अचूक ठरला आहे. त्या केंद्रानेही २०२५ मध्ये स्वतःचे असे प्रारूप नियमित वापरात आणले.

वेगात आणि खर्चात तुलनाच नाही. तरीही सह्याद्रीच्या पावसासाठी माझा कल अजून समीकरणांकडे आहे. ग्राफकास्टची चौकट सुमारे २८ किलोमीटरची असल्याने कोकणपट्टी, घाटमाथा आणि त्यामागचा पर्जन्यछायेचा प्रदेश तिच्यात सरमिसळ होतात. शिवाय पूर्वी न घडलेल्या अतिवृष्टीचे धडे जुन्या नोंदींत कुठून मिळणार? आणि गंमत अशी की, ज्या नोंदींवर ही बुद्धिमत्ता शिकली, त्या निरीक्षणे आणि भौतिक प्रारूप यांची सांगड घालून महासंगणकांवरच तयार झालेल्या आहेत.