ट्रस्टचा वृद्धाश्रम, उपनगरातलं केअर सेंटर की कर्जतकडचा प्रकल्प: आत जाऊन काय बघायचं

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुठे ठेवायचं हा प्रश्न मुंबईत उभा राहिला की फिरून फिरून तीनच पर्याय समोर येतात. एक, ट्रस्टने चालवलेला जुना वृद्धाश्रम. दुसरा, बोरिवली, मुलुंड, ठाणे अशा ठिकाणी बंगल्यात किंवा इमारतीच्या एक-दोन मजल्यांवर चालणारं खासगी केअर सेंटर. तिसरा, पनवेल, नेरळ, कर्जतच्या बाजूचा, बाग आणि डोंगर दाखवणारा मोठा प्रकल्प. माहितीपत्रकं तिन्हींची सारखीच गोड: घरगुती जेवण, प्रेमळ कर्मचारी, चोवीस तास देखरेख. खरा फरक दिसतो तो रात्री दोन वाजता तिथे कोण जागं असतं आणि काही बिनसलं तर उत्तर कोण देतं, यात.

इंग्लंडमध्ये २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन नावाची सरकारी यंत्रणा अशा संस्थांची तपासणी करते. राहणारी माणसं सुरक्षित आहेत का आणि कारभार नीट आहे का, या दोन प्रश्नांवर ती वेगवेगळे शेरे देते आणि अहवाल कुणालाही वाचता येतो. आपल्याकडे तसा शेरा वाचून निवड करण्याची सोय नाही. तेव्हा तपासनीस आपणच. प्रश्न मात्र तेच दोन ठेवावेत, कारण चकचकीत फरशीखाली कारभाराचा गोंधळ सहज झाकला जातो.

आग, चावी आणि पाऊस

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म बी’, परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत घ्यावा लागतो. तो मागा. ट्रस्टच्या ऑफिसात बहुधा एखादी जुनी फाईल निघेल, मोठ्या प्रकल्पात लॅमिनेट केलेली प्रत दाखवतील. इमारतीतल्या केअर सेंटरमध्ये ‘तो सोसायटीकडे असतो’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. राष्ट्रीय इमारत संहितेत वृद्धांची निवासस्थानं राहत्या घरांत मोडत नाहीत, ती रुग्णालयांबरोबर संस्थात्मक वर्गात येतात. चार माणसांच्या फ्लॅटसाठी केलेली व्यवस्था तिथे पंधरा खाटा मांडल्यावर पुरेलच असं धरून चालता येत नाही.

कागदापेक्षाही मला चावी महत्त्वाची वाटते. विसरभोळी माणसं बाहेर निघून जाऊ नयेत म्हणून रात्री जाळीचं दार बंद करतात, त्यात गैर काही नाही. पण चावी कुठे असते? ‘ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये’ हे उत्तर चालणार नाही. ती रात्री जागं राहणाऱ्या माणसाच्या कमरेलाच हवी, आणि दुसरी दुसऱ्याकडे. हे मॅनेजरला विचारू नका. रात्रपाळीच्या मावशींना विचारा आणि दार त्यांनाच उघडून दाखवायला सांगा. दिल्लीत १ जानेवारी २०२३ च्या पहाटे ग्रेटर कैलास भागातल्या ज्येष्ठांच्या केअर होमला आग लागून दोन महिला गेल्या. २०२१ मध्ये भांडुप आणि विरार इथल्या रुग्णालयांना लागलेल्या आगीही रात्रीच्याच. अंथरुणावरच्या माणसाला गादीसकट खाली न्यायला दोघं लागतात, आणि नेमकं रात्रीच जागेवर एकच जण असतो.

या बाबतीत जुने ट्रस्टचे आश्रम सहसा वरचढ ठरतात. बैठी इमारत, रुंद व्हरांडा, दोन्ही बाजूंनी बाहेर पडायला वाट. मात्र वायरिंग जुनं असतं आणि त्यावर मागाहून गीझर, एसी चढवलेले असतात, म्हणून मीटरची पेटी उघडून बघावी. कर्जतकडे तळमजल्यावरच्या खोल्या चांगल्या, पण बंब आणि रुग्णवाहिका किती वेळात पोचते हे कागदावर कुणी देत नाही. गेल्या वेळी कुणाला हलवलं तेव्हा किती वेळ लागला, हे तिथल्या ड्रायव्हरला विचारावं.

तळमजल्याचं मुंबईत दुसरं दुखणं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा सोडा, साध्या जुलैतही अंधेरी सबवेसारख्या सखल जागा तुंबतातच. सखल भागातल्या तळमजल्यावर खाटा असतील तर पाणी शिरल्यावर माणसं कुठे नेणार, आणि वरच्या मजल्यावर असतील तर लिफ्टला जनरेटर आहे का, हे विचारावं. ऑक्सिजनच्या मशीनवर असलेल्या माणसासाठी तर हा पहिला प्रश्न.

न्हाणीघराचं थोडक्यात: धरायला दांडे, न घसरणारी फरशी, बाहेरच्या बाजूला उघडणारं दार. आत पडलेल्या माणसाच्या अंगानेच दार अडतं, म्हणून शेवटची गोष्ट सोडू नका. ज्येष्ठांसाठी बांधलेल्या नव्या प्रकल्पांत हे बरंच पाळलेलं दिसतं. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. जुन्या आश्रमांत मात्र अजून उंच उंबरे भेटतात.

टाच, तक्ता आणि नोंदवही

स्वच्छता वासावरून कळते असं म्हणतात, पण भेटीच्या वेळेआधी फिनेल मारता येतं. टाच लपवता येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजींशी बोलत बसा, त्यांची हरकत नसेल तर पायाशी बघा. टाच लाल-काळी पडली असेल तर कूस बदलण्याचं काम होत नाही. दर दोन तासांनी कूस बदलतो असं सगळेच सांगतात, त्याचा तक्ता खाटेजवळ आहे का ते बघा.

औषधांचा तक्ता सकाळी अकराच्या सुमारास मागावा. दुपारच्या दोनच्या गोळीपुढे आधीच सही झालेली असेल तर बाकी काही विचारायची गरज नाही. तिसरी वस्तू म्हणजे पडझडीची नोंदवही. ‘आमच्याकडे कुणी पडलंच नाही’ म्हणणाऱ्या जागेपेक्षा, ‘गेल्या महिन्यात एक आजोबा पडले, म्हणून खाट बुटकी केली’ असं सांगणारी जागा मी केव्हाही पसंत करेन. म्हातारी माणसं पडतातच. ते लिहून ठेवणं आणि त्यावर काहीतरी करणं, हाच कारभार.

या तिन्ही कसोट्यांवर चांगलं केअर सेंटर पहिलं येतं. रुग्णालयात काम केलेली एखादी सिस्टर तिथे असेल तर फरक लगेच दिसतो. फक्त ‘सिस्टर’ म्हणून ओळख करून दिलेली मुलगी खरोखर नर्स आहे की माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून कालच आलेली आया, हे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवरून पडताळावं. मावशी किती दिवसांपासून इथे आहेत हेही विचारावं. दर महिन्याला चेहरे बदलत असतील तर आजोबांना डाव्या कुशीवर झोप लागत नाही, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

उत्तर कोण देणार

ट्रस्टचे हिशेब सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तपासून धर्मादाय आयुक्तांकडे जातात, त्यामुळे तक्रारीला एक पत्ता तरी असतो. अडचण अशी की विश्वस्त महिन्यातून एकदा येतात आणि रोजचा कारभार एका जुन्या व्यवस्थापकाच्या मर्जीवर चालतो. खासगी सेंटरमध्ये मालक रोज दिसतो, पण भिंतीवर बऱ्याचदा निव्वळ गुमास्ता लायसन्स लटकलेलं असतं. ते दुकानालाही मिळतं. त्यावरून सेवेबद्दल काहीच कळत नाही. मोठ्या प्रकल्पात कागद नेटके, पण फोन कॉल सेंटरला जातो. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन तिन्हीकडे लागू आहे, आणि तिचा क्रमांक राहणाऱ्यांना दिसेल असा लावलाय का, हीसुद्धा छोटी परीक्षाच.

अंतराचा हिशेब लोक पेट्रोलमध्ये करतात. मी तो देखरेखीत करते. ज्यांचे नातेवाईक न सांगता टपकतात त्यांच्याकडे लक्ष जास्त राहतं, हे कडू आहे पण खरं आहे. कर्जतला जाणं रविवारवर येतं आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. भेटीची वेळ चार ते सहाच असेल आणि इतर वेळी दारातूनच परतवत असतील, तर ती जागा कितीही सुंदर असो, यादीतून काढा.

माझा कौल असा. हिंडता-फिरता, गप्पांची आवड असलेला माणूस आणि पैशाची ओढाताण असेल, तर ट्रस्टचा आश्रम. पण प्रवेश अर्जातलं ‘स्वतःचं स्वतः करणारे’ हे कलम नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी अंथरूण धरलं की घरी न्यायला सांगतात, तेव्हा पुढची सोय आजच बोलून ठेवा. अंथरुणावरचं, नळीने जेवणारं किंवा विसरभोळं माणूस असेल तर घरापासून तासाभराच्या आतलं केअर सेंटर, दाराची चावी आणि औषधांचा तक्ता बघूनच. कर्जतकडचा प्रकल्प मी फक्त त्या जोडप्याला सुचवेन जे अजून धडधाकट आहे आणि स्वतः निवडून जातंय. आई-वडिलांना तिथे ‘ठेवायचं’ असेल तर नको.

करार करताना डायपर, फिजिओ, जादा अटेंडंट, रुग्णवाहिका यांतलं काय मासिक रकमेत आहे ते लिहून घ्या. अनामत किती दिवसांत परत मिळणार आणि रात्री रुग्णालयात हलवावं लागलं तर सही कोण करणार, हेही. सगळं जमलं तरी आधी महिनाभर राहून बघण्याची अट घाला, आणि तोवर घरातली त्यांची खोली कुणाला देऊ नका.