सुपर एटचा कोकणी पावसाळा आणि एका पुलीचं भांडण

दुरुस्तीचं बिल चार हजार आठशे रुपये. त्यावर लिहिलंय, 'बेल्ट बदलला, सर्व्हिसिंग, चालवून पाहिले.' चालवून पाहिले हे काही खोटं नाही. माझा सुपर एटचा, म्हणजे आठ मिलिमीटर रुंदीच्या घरगुती फिल्मचा, प्रोजेक्टर चालत होताच, फक्त सेकंदाला २४ ऐवजी २० फ्रेमनं. ह्या चार फ्रेमवरून मी मुंबईच्या त्या दुरुस्तीवाल्याशी गणपतीपासून दिवाळीपर्यंत भांडले, आणि हे लिहायला बसले तेही त्यामुळेच.

यंत्र जपानी बनावटीचं, फिल्मच्या कडेच्या मॅग्नेटिक पट्टीवरचा आवाज वाजवणारं, १२ व्होल्ट १०० वॅटच्या हॅलोजनचं. धाकटे दीर इंग्लंडमध्ये असतात, त्यांनी तिकडच्या एका वृद्ध संग्राहकाकडून प्रिंटांच्या, म्हणजे फिल्मवरच्या चित्रपटांच्या, खोक्यासकट घेतलं आणि सामानातून इथे वेंगुर्ल्याला आणलं. तिकडची वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरची कटकट नाही. पहिले काही महिने सुखाचे गेले. मग ऐन वैशाखात बेल्ट तुटला. तुटला म्हणण्यापेक्षा वितळला म्हणा. झाकण उघडलं तर आत रबराचं डांबर झालेलं, ते पुलीला, मोटरला, सगळीकडे चिकटलेलं. चौदा-पंधरा किलोचं ते धूड तुतारी एक्स्प्रेसनं दादरला नेलं, मांडीवर घेतल्यासारखंच. परत आलं तोवर रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं होतं.

गणपतीत आमच्याकडे माणसं भरपूर. आरती-भजन आटोपल्यावर पडवीच्या चुना मारलेल्या भिंतीवर एक जुना अमेरिकन नाच-गाण्यांचा चित्रपट लावला. नायक बोलायला लागला आणि मागून तात्यांचा आवाज आला, "ह्यो असो कित्याक बोलता? दारू पिऊन इलो काय?" सगळे हसले. मीही हसले, पण बोलणं खरोखरच जड येत होतं. गाणं सुरू झाल्यावर आमचे भजनी बुवा, ज्यांनी तरुणपणी बऱ्याच डबलबाऱ्या गाजवल्यात, गप्प होऊन ऐकत बसले. मग भाच्याला तेच गाणं मोबाईलवर लावायला सांगितलं, पेटी पुढे ओढली, दोन्हीकडचा सा धरून पाहिला आणि म्हणाले, "बाय गो, ह्यां गाणां मोबायलात काळी चारात, आणि तुझ्या पडद्यार पांढरी चारात. तीन घरां खाली इलां."

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. तीन घरं म्हटल्यावर डोक्यात लगेच आकडा आला. गती सहातली पाच झाली की स्वर तीन घरं आणि वर थोडंसं उतरतो. आणि सहाला पाच म्हणजेच ६० ला ५०. ह्या यंत्रांची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालते. जपानचा पूर्वेकडचा अर्धा भाग ५० वर आणि पश्चिमेकडचा ६० वर, त्यामुळे तिथल्या यंत्रांना दोन्हींची सोय ठेवावीच लागते. माझ्या यंत्रात मोटरच्या पुलीला दोन खाचा आहेत, ५० साठी मोठी, ६० साठी लहान. बेल्ट लहान खाचेत बसला की आपल्या विजेवर २४ चे २० होतात आणि १८ चे १५.

तरी आरोप करण्याआधी मोजलं. सुपर एटच्या एका फुटात ७२ फ्रेम, म्हणजे २४ च्या गतीनं मिनिटाला बरोबर २० फूट. लीडरवर, म्हणजे रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर, शिवणाच्या टेपनं २० फूट मोजून मार्करनं दोन खुणा केल्या आणि स्टॉपवॉच लावलं. साठ सेकंदांत जायला हवं होतं, बहात्तर लागले. चारशे फुटी रीळ वीस मिनिटांत संपायचं ते चोवीस मिनिटं चालत होतं. हे सगळं फोनवर सांगितलं तर पलीकडून उत्तर, "मॅडम, तुमची फिल्मच जुनी आहे, ताणली गेली असेल." फिल्म ताणली जाऊन गाण्याचा स्वर तीन घरं उतरत असेल तर मला नवीन भौतिकशास्त्र शिकावं लागेल. फिल्म जुनी झाली की आखडते, लांब होत नाही. मग म्हणाले, आम्ही इथे चालवून बघितला, एकदम ओके होता. कुठली फिल्म लावली होती, विचारलं. मूकपट.

ह्यावर काय बोलणार? मूकपट १५ नं चालला तर कोणाच्या बापाला कळणार आहे. मुळात ते कॅमेरे हातानं फिरवायचे, चित्रीकरणाची गती दृश्यागणिक बदलायची, आणि दाखवणाराही आपल्या मर्जीनं फिरवायचा. 'बरोबर' गतीवरून संग्राहक अजून वाद घालतात. फार तर पडदा जरा लुकलुकतो. उजेड अडवत फिरणाऱ्या तीन पात्यांच्या शटरनं १८ ला सेकंदाला ५४ वेळा उजेड पडतो, १५ ला ४५. दुकानाच्या भर उजेडात तेवढं कोणाच्या लक्षात येणार?

शेवटी मागचं झाकण मीच उघडलं. नवा बेल्ट जरासा आखूड होता, मोठ्या खाचेत ताठ बसत होता, म्हणून गड्यानं सरळ लहान खाचेत सरकवून दिला होता. वेंगुर्ला बंदराच्या बाजूला होड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग विकणारं दुकान आहे, तिथे जुन्या बेल्टचा तुकडा नेऊन मापाचा ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल कडं, मागितला. त्यांनी पाच-सहा काढून समोर टाकले. चाळीस रुपयांचा एक मोठ्या खाचेत नेमका बसला. लीडरची परीक्षा पुन्हा घेतली, साठ सेकंद. तो ओ-रिंग तेव्हापासून चालतोय. चार हजार आठशेतला एक रुपयाही मला परत मिळालेला नाही.

आता प्रिंटांबद्दल. खोक्यातला निम्मा माल म्हणजे दोनशे फुटी कात्रणं. अख्खा चित्रपट कापून दहा मिनिटांत बसवलेला. व्हिडिओ येण्याआधी लोक ह्यावर भागवायचे ते समजू शकते, पण आज पैसे टाकून कोणी घेऊ नये. पूर्ण लांबीचे चित्रपट चार-पाच रिळांत येतात आणि संग्रह म्हणायचा तर तोच. इंग्लंडात डडलीला डेरॅन नावाची कंपनी सुपर एटवर असे पूर्ण चित्रपट काढायची, ती २०११ साली बंद झाली. अमेरिकेत आयोवातल्या डॅव्हनपोर्टची ब्लॅकहॉक जुने मूकपट घरोघर विकायची. आता जो माल फिरतो तो ह्या हातातून त्या हातात. तेव्हा विकणाऱ्याला 'चित्रपट कोणता' हे नंतर विचारा, 'बेस कोणता', म्हणजे फिल्मची पट्टी ॲसिटेटची की पॉलिएस्टरची, हे आधी.

कारण कोकणात ॲसिटेटची प्रिंट म्हणजे घरात आणलेलं आजारपण. दमट, उबदार हवेत ॲसिटेट कुजायला लागतं, त्यातून व्हिनेगरचं आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल पुढची कुज आणखी वेगानं करतं. ज्येष्ठाच्या शेवटी कपाट उघडलं तेव्हा सासूबाईंना वाटलं लोणचं नासलं. नासलं होतं एका सुंदर रंगीत प्रिंटचं तिसरं रीळ. फिल्म आडवी वळली होती, गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या चौकटीत, सपाट बसेना, चित्राचा मधला भाग स्पष्ट केला की कडा धूसर. असं रीळ बाकीच्यांपासून लांब ठेवायचं. आमचं आता पडवीच्या माळ्यावर असतं. रोग किती वाढलाय ते दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात, निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या होणाऱ्या. किंमत पाहिली आणि नाकावरच भागवायचं ठरवलं.

पॉलिएस्टरला ही भानगड नाही. ओळखायचं सोपं आहे: गुंडाळलेलं रीळ उजेडासमोर धरून बाजूनं पाहा. पॉलिएस्टर असेल तर आरपार उजेड झिरपतो, ॲसिटेट काळं ठप्प दिसतं. पॉलिएस्टर फिल्म-सिमेंटनं, म्हणजे फिल्म जोडायच्या द्रावणानं, जोडता येत नाही, टेपच लावावी लागते. आणि ते तुटत नाही, त्यामुळे यंत्रात अडकलं तर फिल्मऐवजी यंत्राचं काहीतरी मोडतं. तरी मी तेच घेईन.

साठवण हा खरा डोकेदुखीचा भाग. पुस्तकी सल्ला असा की डबे हवाबंद नकोत, आम्लाची वाफ बाहेर जाऊ दे. बरोबर आहे, पण आषाढात आमच्याकडे 'बाहेर' म्हणजे नव्वद टक्के दमटपणा आणि खारा वारा. डबा उघडा ठेवावा तर चित्राच्या जिलेटिनच्या थरावर बुरशी, बंद ठेवावा तर आतल्या आत आम्ल. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हेच काम करतंय, त्यांच्याकडे थंड, कोरड्या खोल्या आहेत. माझ्याकडे फणसाच्या लाकडाचं एक कपाट आहे. पत्र्याचे डबे पहिल्याच पावसात गंजले, ते काढून जाळीदार झाकणाचे प्लास्टिकचे आणले. खालच्या कप्प्यात पंधरा वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब. कॅमेरेवाले पूर्वी हेच करायचे: आतली हवा जराशी तापली की तिचा दमटपणा उतरतो. ओलावा मोजायचं छोटं यंत्र ठेवलंय, बाहेर नव्वदच्या वर असताना आत साठच्या आसपास राहतं. वरच्या कप्प्यांत सिलिका जेल, निळ्याचं गुलाबी झालं की मंद तव्यावर भाजून पुन्हा निळं. बल्ब फक्त पावसाळ्यात, कारण उष्णतेनं आम्लाचाही वेग वाढतो.

आणि हा बल्ब आता बाजारात मिळत नाही हो! दुकानदार एलईडी पुढे करतो, वर वीज किती वाचते ते सांगतो. दादा, मला वीज वाचवायची नाही, मला ऊबच हवी आहे. शेवटी कुडाळच्या एका जुन्या दुकानात धूळ खात पडलेले मिळाले, होते तेवढे सगळे उचलले.

इथपर्यंत दिवाळीच्या सुटीत लिहून ठेवलं होतं. पुढे मार्गशीर्षात हवा कोरडी झाल्यावर सगळी रिळं एकेक करून काढली, मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसली, आणि खरेदीचा माझा सगळा क्रमच फिरला. आधी मी रंगीत बोलपटांच्या मागे होते, मूकपट म्हणजे खोक्यासोबत आलेला भरणा समजत होते. पण रंगीत प्रिंटांतला निळा-हिरवा आधी विरतो आणि सगळं गुलाबी होत जातं. शिवाय दोन बोलपटांची मॅग्नेटिक पट्टी कडेनं सुटायला लागलीय, तिथे आवाज गचके खातो. काळ्यापांढऱ्या मूकपटात प्रतिमा चांदीची, उडून जायला रंगच नाही, सुटायला पट्टी नाही. बस्टर कीटनचा १९२६ चा 'द जनरल' माझ्याकडे आहे, तो सगळा पावसाळा काढूनही जसाच्या तसा निघाला. १८ च्या गतीनं लावला. आगगाडीच्या पाठलागाला पोरांनी इतका आरडाओरडा केला की शेजारचे बघायला आले. जळत्या लाकडी पुलावरून इंजिन खाली नदीत कोसळतं, ते खरंखुरं इंजिन आहे, अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या नदीवर चित्रीकरणासाठी खरोखर पाडलेलं. तिथे एका पोरानं विचारलं, "ह्यो पूल पानवलाचो काय?" त्याला रत्नागिरीजवळचा तो उंच पूल गाडीतून बघून माहीत. तिकडचा आहे, म्हटलं, तर जरा हिरमुसला.

तेव्हा कोकणात राहून कोणी हा छंद लावून घेणार असेल, तर काळेपांढरे मूकपट आधी, पॉलिएस्टरवरचे बोलपट नंतर, ॲसिटेटवरचे रंगीत फुकट दिले तरी नको. ९.५ मिलिमीटरच्या नादी लागू नका, पाथे ह्या फ्रेंच कंपनीनं १९२२ साली काढलेलं ते माप गोड आहे, पण त्याचा प्रोजेक्टर मिळवेपर्यंत केस पांढरे होतील. साध्या एट मिलिमीटरचं, म्हणजे सुपर एटच्या आधीच्या मापाचं, चित्र सुपर एटपेक्षा बरंच लहान, अंगणात दाखवायला कमी पडतं. आणि प्रोजेक्टर दुरुस्तीहून परत आला की चित्र बघण्याआधी लीडरवर वीस फूट मोजून घड्याळ लावा. साठ सेकंद. एकसष्ट झाले तर सोडून द्या, बहात्तर झाले तर पैसे देऊ नका.

प्रोजेक्टर विकायचा का, असं दोघातिघांनी विचारलंय. नाही. पण कोणाकडे १२ व्होल्ट १०० वॅटचा, ईएफपी म्हणून येतो तो रिफ्लेक्टरचा लॅम्प शिल्लक असेल तर मी घेईन. न वापरलेला हवा, आणि भाव कुरिअरसकट सांगा. एलईडी बसवून देतो म्हणणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.