अमेरिकेच्या संस्थापकांची पत्रं: सुरुवात कोणत्या जोडीपासून करावी?

अमेरिकेच्या जन्मकाळातली पत्रं वाचायची म्हटलं की आधी छातीत धडकीच भरते. ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या सरकारी संकेतस्थळावर वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफरसन, मॅडिसन (हे अमेरिकेचे पहिले चार राष्ट्राध्यक्ष) आदींचे लाखाहून अधिक कागद फुकट उपलब्ध आहेत. सगळं वाचायच्या भानगडीत पडू नका. एक जोडी धरा आणि तिची पत्रं तारीखवार वाचा. वॉशिंग्टन पतिपत्नींचा विचार सोडूनच द्या. नवऱ्याच्या मृत्यूनंतर मार्थाबाईंनी पत्रं जाळली असं सांगतात; आज जेमतेम दोनचार उरली आहेत.

मग राहतात तीन जोड्या. त्यांच्यात निवड करताना मी एकच गोष्ट बघतो: हे पत्र आणखी कोणाच्या हाती पडेल, असं लिहिणाऱ्याला वाटत होतं?

जॉन आणि ॲबिगेल ॲडम्स यांची अकराशेहून अधिक पत्रं टिकली आहेत. १७७४ पासून जॉन काँग्रेससाठी (वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेसाठी) फिलाडेल्फियात, ॲबिगेल बॉस्टनजवळच्या ब्रेनट्रीत. शेत, चार मुलं आणि देणीघेणी एकटीच्या अंगावर. जून १७७५ मध्ये ती नवऱ्याकडे टाचण्यांचा पुडा मागते, कारण इकडे टाचण्या मिळेनाशा झाल्या आहेत आणि भाव कुठल्या कुठे गेला आहे. त्याच आठवड्यात बॉस्टनजवळ इंग्रजांशी बंकर हिलची लढाई होते आणि पुढच्या पत्रात तोफांचे आवाज आहेत, ओळखीच्या डॉक्टर वॉरन यांच्या मृत्यूची बातमी आहे. जुलै १७७६ मध्ये ती मुलांना देवी टोचून घ्यायला बॉस्टनला घेऊन जाते. तिथे असतानाच स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला जाताना ऐकते आणि तेही कळवते. राजकारण आणि घर वेगळं काढायला इथे जागाच नाही.

ही पत्रं दुसऱ्याच्या हाती पडण्याची भीती मात्र खरी होती. १७७५ च्या उन्हाळ्यात जॉनची दोन पत्रं इंग्रजांनी वाटेत पकडली आणि वर्तमानपत्रात छापली. एक बायकोला होतं. दुसऱ्यात जॉन डिकिन्सन या सहकाऱ्याची नाव न घेता टिंगल होती, पण रोख कोणावर हे सगळ्यांनी ओळखलं. पुढे डिकिन्सन रस्त्यात समोरून आले आणि नमस्कारही न करता निघून गेले, असं जॉननं डायरीत नोंदवलंय. अडचण म्हणाल तर एकच: ॲबिगेल शाळेत गेलेली नव्हती, तिचं स्पेलिंग तिच्या मनाचं. दहा पत्रांत सवय होते.

दुसरी जोडी जॉन ॲडम्स आणि जेफरसन. राष्ट्राध्यक्षपदासाठी एकमेकांविरुद्ध लढवलेल्या १८०० च्या निवडणुकीनंतर दोघांचं बोलणं तुटलं. दोघांचे मित्र डॉ. बेंजामिन रश यांनी मध्यस्थी केली आणि १ जानेवारी १८१२ ला ॲडम्सनी पहिलं पत्र टाकलं: घरी विणलेल्या कापडाचे दोन नग पाठवतोय. पार्सल मागे राहिलं, पत्र पुढे पोचलं. जेफरसननी व्हर्जिनियातल्या हातमागांवर गंभीरपणे लांबलचक उत्तर लिहिलं. ‘कापड’ म्हणजे ॲडम्सच्या मुलाची वक्तृत्वशास्त्रावरची व्याख्यानं होती! त्यानंतर १८२६ पर्यंत १५८ पत्रं झाली. त्यांतली १०९ ॲडम्सची, ४९ जेफरसनची. एकजण भडाभडा बोलतो, दुसरा जपून, घोटीव इंग्रजीत उत्तर देतो. धर्म, प्लेटो, म्हातारपण, खरा उमराव कोण, सगळं येतं. पण पुढच्या पिढ्या आपल्याला वाचणार हे दोघांना पक्कं ठाऊक आहे आणि ते जाणवतं. मला तर या दोघांपेक्षा १८०४ मधली ॲबिगेल–जेफरसन चकमक जास्त जिवंत वाटते. जेफरसनची मुलगी पॉली वारली. ती आठ वर्षांची असताना लंडनमध्ये ॲबिगेलकडे राहिली होती. सांत्वनानं सुरू झालेला तो व्यवहार काही महिन्यांत जुन्या राजकीय जखमांवर येऊन थांबतो.

जेफरसन आणि मॅडिसन ही अभ्यासकांची जोडी. बाराशेच्या घरात पत्रं, आणि टपाल फोडलं जाईल या धास्तीनं नाजूक मजकूर सांकेतिक आकड्यांत. जेफरसन पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत असताना मॅडिसनना ट्रंका भरून पुस्तकं पाठवतात; मॅडिसन संविधानाच्या मसुद्याचा तपशील कळवतात. २० डिसेंबर १७८७ ला जेफरसन त्यात मूलभूत हक्कांची सनद नसल्याबद्दल स्पष्ट नापसंती कळवतात. राज्यशास्त्र शिकत असाल तर हीच जोडी घ्या. मॅडिसनची वाक्यं लांब असतात, धीर ठेवा. मध्येच वीझल नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका छोट्या प्राण्याची इंच-इंच मापं आलेली दिसतील. अमेरिकेतले प्राणी खुजे असतात म्हणणाऱ्या फ्रेंच विद्वानाला खोडून काढायची ती खटपट. एरवी खासगी आयुष्य इथे फारसं सापडत नाही. दोघंही गुलामांचे मालक होते, तेव्हा स्वातंत्र्यावरची त्यांची वाक्यं वाचताना ते ध्यानात राहू द्या. ॲबिगेलनं मात्र १७७४ मध्येच नवऱ्याला लिहिलं होतं की आपल्या प्रांतात एकही गुलाम नसावा.

तरीही ठरत नसेल तर ३१ मार्च १७७६ चं ॲबिगेलचं पत्र काढा. नवे कायदे करताना बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका, असं ती बजावते. लगेच १४ एप्रिलचं जॉनचं उत्तर वाचा. तो ही मागणी हसण्यावारी नेतो. तुम्हाला त्याचा राग आला, तर या नवराबायकोची पत्रं पुढचं वर्षभर तुमच्या हातून सुटणार नाहीत. नाही आला, तर सरळ १८१२ कडे वळा.