अवयवदानाची नोंदणी: गुपचूप करावी की घरी बोलून?

अवयवदानाची नोंदणी करावी की नाही, या विचारात असलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. घरी कुणालाही न सांगता संकेतस्थळावर नोंदणी करून मोकळे व्हावे, किंवा आधी घरच्यांशी बोलून त्यांच्या साक्षीने अर्ज भरावा. (काहीच न ठरवणे ही तिसरी वाट, आणि बहुधा तीच सर्वांत रुळलेली.)

पहिली वाट सोपी आहे. सप्टेंबर 2023 पासून ‘नोट्टो’ या अवयव प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर आधारच्या पडताळणीने अशी नोंदणी करता येते. डायलिसिसवर असलेल्या नातेवाइकाला भेटून आल्यावर मन हेलावलेले असते; तो भर ओसरण्याआधी काम उरकते, हा या वाटेचा मोठा गुण. शिवाय मरणाचा विषय काढताच घरातून येणारे ‘शुभ बोल रे नाऱ्या’ही टळते.

अमेरिकेत सुझन मॉर्गन आणि स्कॉटलंडमध्ये रोनन ओकॅरल यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासांत असे दिसले, की हा निर्णय अडतो तो माहितीच्या अभावापेक्षा भावनांमुळे. शरीराच्या चिरफाडीची किळस, नाव नोंदवले की मरण ओढवेल ही धास्ती, देह अखंड राहावा ही ओढ आणि डॉक्टर वाचवण्याचा पुरता प्रयत्न करणार नाहीत हा संशय, अशा त्या चार भावना. आपल्याकडील व्यासपीठांवर दधीची ऋषींचा दाखला दिला जातो, पण ज्याला देहाच्या अपुरेपणाची भीती वाटते त्याची समजूत दाखल्याने पटत नाही. गुपचूप नोंदणी करणारा या भावनांवर स्वतःपुरती मात करतो, घरच्यांच्या मनात मात्र त्या तशाच राहतात.

आणि खरी अडचण तिथेच येते. 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा ज्या राज्यांत सर्वप्रथम लागू झाला, त्यांत गोवा होते. तरीही देशभर व्यवहार असा आहे, की नोंदणी असली तरी जवळच्या नातेवाइकांची संमती घेतली जाते. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या पत्नीची स्थिती डोळ्यांपुढे आणा. आत नवऱ्याची छाती व्हेंटिलेटरच्या तालावर वरखाली होते आहे, हात ऊबदार आहे, आणि चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदू मृत झाल्याचे सांगितले आहे. त्या मंडळात प्रत्यारोपण करणारे डॉक्टर नसतात, हे तिला त्या घडीला कुणी सांगितले तरी डोक्यात शिरेलच असे नाही. नवऱ्याची इच्छा ठाऊक नसेल, तर ती ‘नको’ म्हणेल. त्यात स्वार्थ नसतो, त्याच्या वतीने एवढा मोठा निर्णय घेण्याची भीती असते. इच्छा ठाऊक असेल, तर निर्णय त्याचा राहतो आणि तिच्याकडे तो पाळणे एवढेच उरते.

दुसरी वाट म्हणूनच अवघडलेली असली तरी अधिक पक्की आहे. कागदी अर्जावर, म्हणजे नमुना क्रमांक 7 वर, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यांतील एक जवळचा नातेवाईक असतो, त्यामुळे बोलणे टाळताच येत नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे कुटुंब मूळ घरी जमते खरे, पण गणपतीवर फळाफुलांनी सजवून टांगलेल्या माटोळीखाली हा विषय काढू नये. ज्याची सही हवी त्याच्याशी एरवी एकट्याने बोललेले बरे. दोहोंतून एकच निवडायची झाली, तर नोंदणी करून गप्प राहण्यापेक्षा नोंदणी न करता घरी स्पष्ट बोललेले मी अधिक मोलाचे मानेन. भावनेच्या भरात संकेतस्थळावर नोंदणी झालीच असेल, तर त्याच आठवड्यात तिची प्रत घरच्यांना दाखवावी.

घरात एकमत होत नसेल, तर अर्जात सगळेच अवयव नोंदवण्याची सक्ती नाही, आणि दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. केवळ नेत्रदानाला घरातील वडीलधारे सहसा लवकर तयार होतात, कारण ते घरी आलेल्या मृत्यूनंतरही सहा तासांच्या आत होऊ शकते आणि चेहरा विद्रूप होत नाही. तोवर नातेवाइकांनी नेत्रपेढीला कळवावे, पंखा बंद करावा, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोक्याखाली उशी सरकवावी.