टेबलटॉप, चौदा इंची की बनवून घेतलेला? बँडसॉ घेण्याआधी जोडणी अन सेटिंगच्या बाजूनं बघा

सांगली-मिरजेत लाकडाच्या कामाला बँडसॉ, म्हणजे वर-खाली दोन चाकांवर पट्ट्यासारखं ब्लेड फिरणारी करवत, घ्यायचा म्हटलं की समोर तीन रस्ते असतात. नऊ-दहा इंची टेबलटॉप, खोक्यातनं काढा आणि बाकावर बोल्टनं आवळा. चौदा इंची कास्ट आयर्नचा, स्टँडसकट, जो सुटा येतो आणि आपणच जोडायचा. आणि तिसरा म्हणजे एखाद्या वर्कशॉपमधून बनवून घेतलेला अठरा इंची, जाड पत्र्याची वेल्डिंग केलेली बॉडी, फिटिंगला त्यांचाच माणूस येतो. लोक पहिल्यांदा किंमत आणि हॉर्सपॉवर विचारतात. माझं म्हणणं, त्याआधी हे ठरवा की सेटिंग कोण करणार, कारण बँडसॉ एकदा फिट केला आणि सोडून दिला असं होत नाही, ब्लेड बदललं की सगळं सेटिंग परत आलंच, आणि त्या वेळी फिटर येतोय म्हणून काम थांबवून बसणं कुणालाच परवडत नाही.

इंच म्हणजे चाकाचा व्यास, हे नवीन माणसाला दुकानात कुणी सांगत नाही. चौदा इंचीत ब्लेड आणि कॉलमच्या, म्हणजे बाजूच्या उभ्या खांबाच्या, मधे साधारण साडेतेरा इंच जागा मिळते. उभी फळी चिरायची उंची वेगळी, ती बहुतेक चौदा इंचीत सहा इंच असते, कॉलममधे रायझर ब्लॉक, म्हणजे उंची वाढवणारा ठोकळा, घातला की बारा होते. टेबलटॉपमधे साडेतीन-चार इंचावर गाडी थांबते, मोटर पण पाव-अर्ध्या हॉर्सपॉवरची. खेळणी, नक्षीचे तुकडे, फ्रेमचे गोलवे एवढंच काम असेल तर तो मस्त चालतो, त्याला नाव ठेवू नका. पण सागवानाची फळी उभी चिरून दोन करायच्या असतील, किंवा मिरजेत तंबोऱ्या-सतारीच्या तबलीसाठी (तोंडावरच्या पातळ फळीसाठी) काढतात तशी रुंद पातळ फळी काढायची असेल, तर टेबलटॉप घेऊन पैसे अडकवू नका. चार सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) ब्लेड ताणायची ताकद त्याच्या फ्रेममधे नसते, ब्लेड पोटात वाकतं आणि फळी एका बाजूला जाड एका बाजूला पातळ निघते.

जोडणीचं बोलायचं तर टेबलटॉपला फारसं काही नाहीच, टेबल बसवायचं, फेन्स (फळी टेकवून सरकवायची सरळ पट्टी) लावायचा, झालं. अठरा इंचीला आपण नुसतं बघायचं. खरी जोडणी चौदा इंचीची. आधी स्टँड, तो सपाट जमिनीवर उभा करून मगच बोल्ट पूर्ण आवळायचे. बॉडी चढवायला दोन माणसं पाहिजेतच, एकट्यानं धाडस करू नका. टेबलाला गंज लागू नये म्हणून चिकट थर लावलेला असतो, तो रॉकेलनं पुसून वर मेण घासायचं. हे सगळं दुपारभरात होतंय, आणि इथं लोक समजतात की मशीन तयार झालं.

तयार झालेलं नसतं. प्लग काढून ठेवा, हातमोजे घाला, ब्लेड तीन वेटोळ्यांत बांधलेलं येतं ते उघडताना अंगावर उडतं, त्यामुळं लांब धरा. दाते टेबलाजवळ खालच्या बाजूला आणि आपल्याकडं तोंड करून. उलटे दिसले तर ब्लेड आतबाहेर उलटवून घ्यायचं. वरचे-खालचे गाइड (ब्लेडला दोन्ही बाजूंनी आवरणारे ठोकळे) आणि ब्लेडला मागनं आधार देणारं बेअरिंग आधी पूर्ण मागं सरकवा, नाहीतर ब्लेड कशाला घासतंय तेच कळत नाही. मग थोडा ताण द्या आणि वरचं चाक हातानं फिरवत बघत राहा. चाकावरचं रबर मधे किंचित फुगीर असतं, ब्लेड त्या फुगवट्यावर येऊन बसलं पाहिजे. पुढं सरकायला लागलं तर मागचा ट्रॅकिंगचा नॉब पाव फेरा फिरवायचा, परत चाक फिरवायचं, परत बघायचं, घाई केली की ब्लेड पुढनं उतरतंच. ब्लेड एका जागी फिरायला लागलं की पूर्ण ताण द्या आणि ट्रॅकिंग परत तपासा, कारण ताणानं ते बदलतंय.

त्यानंतर गुण्या लावून टेबल ब्लेडशी काटकोनात. मग मागचं बेअरिंग, मोकळं असताना ब्लेडला टेकता कामा नये, कागद जाईल एवढी फट ठेवा. बाजूचे गाइड पण तसेच कागदाच्या फटीवर, आणि पुढची कड दात्यांच्या खाचेच्या मागंच थांबली पाहिजे, दात्यांवर आली तर दात्यांचा डावा-उजवा बाक एका झटक्यात जातो. शेवटी एक सरळ रेघ मारून फूटभर फळी हातानं कापून बघा, ब्लेड ज्या कोनात ओढतंय तो कोन पेन्सिलनं टेबलावर उतरवा आणि फेन्स त्याच कोनात बसवा. फेन्स नुसता गुण्यात लावून फळी तिरकी जाते म्हणून मशीनला शिव्या घालणारे लई आहेत.

आता बनवून घेतलेल्या अठरा इंचीचं. याची जमेची बाजू म्हणजे बेअरिंग कुठल्याही दुकानात मिळतात, गाइड झिजले तर बाभळीचे ठोकळे तेलात भिजवून घातले तरी चालतं, आणि काही तुटलं तर वेल्डर जवळच असतो. पण दोन-तीन हॉर्सपॉवरची मोटर बहुतेक थ्री फेजवर असते, कनेक्शन नसेल तर महावितरणकडं आधी जावं लागतंय. चौदा इंचीची एक-दीड हॉर्सपॉवरची मोटर सोळा अँपिअरच्या पॉइंटवर निघते. दुसरं म्हणजे ऑर्डर देण्याआधी पुली विचारा. लाकडाला ब्लेडचा वेग मिनिटाला साधारण तीन हजार फूट लागतो. अठरा इंची चाकाचा घेर ४.७१ फूट, म्हणजे चाक मिनिटाला ६४० फेरे फिरलं पाहिजे, आणि मोटर १४४० ची असेल तर मोटरवर ४ इंची आणि चाकावर ९ इंची पुली बसते. हे गणित वर्कशॉपवाल्यासमोर मांडा, उत्तर देताना तो गडबडला तर दुसरीकडं बघा.

डिलिव्हरी घेताना दोन गोष्टी आपल्या डोळ्यांनी. लांब सरळपट्टी वरच्या-खालच्या चाकांच्या कडांवर टेकवा, दोन्ही चाकं एका पातळीत असली पाहिजेत. चार सुताचा फरक असेल तर मशीन घेऊ नका, थोडा असेल तर चाकामागं वॉशर टाकून निघतो. आणि मशीन चालू करून टेबलावर जुनं जाड पाच रुपयांचं नाणं उभं करा, ते पडत असेल तर चाकाचं बॅलन्सिंग नीट नाही.

नदीकाठच्या लोकांना एक गोष्ट वेगळी सांगतो. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत पूर आला. गावभागात तळमजल्यावर दुकान असेल तर टेबलटॉप दोन माणसं उचलून वर नेतात, चौदा इंचीचं टेबल, मोटर आणि वरचा भाग सोडवला तर तो पण वर जातो, अठरा इंची मात्र जागेवरच राहतो. कुपवाड-मिरज एमआयडीसीकडं शेड असेल तर हा विचार करायची गरज नाही.

तर मी कुणाला काय सांगेन? एकट्यानं छोटं फर्निचर, थोडं गोलाईचं, थोडं चिरकाम करणाऱ्याला चौदा इंचीच, आणि जोडणी स्वतःच करा, कारण त्या एका दुपारीत कुठला नॉब काय करतो ते हातात बसतं. दिवसभर जाड माल चिरायचा असेल, दोन-तीन माणसं कामाला असतील, तर अठरा इंची, पण पहिलं सेटिंग फिटर करत असताना शेजारी उभं राहा आणि दुसरं ब्लेड त्याच्यासमोर स्वतः चढवा. मशीनबरोबर दोन ब्लेड घ्या, दोन सुती गोलाईला, ते पाच सुताच्या त्रिज्येत वळतं, आणि चार सुती, इंचाला तीन दाते असलेलं, चिरायला. साध्या चौदा इंचीला लांबी साडेत्र्याण्णव इंच लागते, रायझर घातला की १०५, म्हणजे रायझर घ्यायचा की नाही ते ब्लेड घेण्याआधी ठरवा. आणि रात्री दुकान बंद करताना ताण सैल करा, नाहीतर रबरावर सपाट खड्डा पडतो आणि सकाळी मशीन थडथडायला लागतं.