गुऱ्हाळाच्या चरकावर व्हीएफडी: एका हंगामानंतरचा अनुभव

करवीर तालुक्यातल्या आमच्या गुऱ्हाळावर नोव्हेंबरात चरकाच्या 15 एचपी मोटरला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवला. एप्रिलपर्यंत रोज चालवला, मगच लिहितोय.

चरकावर लोड कधीच एकसारखा नसतो. दोन ऊस गेले की मोटर मोकळी पळते, कुणी मोळीच रेटली की पट्टा किंचाळतो. आम्हाला हवा होता संथ पण न अडणारा चरक.

पहिला महिना वैतागात गेला. विकणाऱ्याने फॅक्टरी सेटिंगवर, म्हणजे व्होल्टेज आणि हर्ट्झ एकाच प्रमाणात बदलणाऱ्या व्ही बाय एफ मोडवरच चालू करून दिला होता. 50 हर्ट्झला, म्हणजे पूर्ण वेगाला, ठीक, पण 25 वर आणला की मोळी पडताच चरक बसायचा. कारण नंतर समजलं. चार पोलची मोटर 50 हर्ट्झला बिनलोड मिनिटाला जवळपास 1500 फेरे घेते, पूर्ण लोडवर 1440. हा 60 फेऱ्यांचा फरक, म्हणजे स्लिप, हळू चालवतानाही साधारण तेवढाच राहतो. 1500 मधून 60 म्हणजे 4 टक्के, 25 हर्ट्झच्या 750 मधून 8 टक्के. त्यात कमी हर्ट्झला व्होल्टेजही कमी, आणि त्यातला मोठा वाटा वाइंडिंगच खाते. टॉर्क बूस्ट, म्हणजे कमी वेगाला दिलेलं जादा व्होल्टेज, वाढवून बघितला, तर मोटर रिकामी फिरतानाच तापू लागली.

शेवटी उद्यमनगरातले एक मिस्त्री आले. त्यांनी पट्टा उतरवला, नेमप्लेटवरचे अँपिअर आणि आरपीएम भरले, करंट मोजून मोटरचा जोर सांभाळणारा सेन्सरलेस व्हेक्टर मोड निवडून ऑटोट्यून लावलं, म्हणजे ड्राइव्हला मोटर स्वतःच तपासून घेऊ दिली. मोटर जागेवरच गुणगुणली, मग फिरली, थांबली. पट्टा चढवून मुद्दाम जाड मोळी लावली. डिस्प्लेवर अँपिअर 9 वरून 24 वर गेले, चरकाचा आवाज मात्र तोच. गुळव्या काहील सोडून बघायला आला!

मोटरवर जुना कपॅसिटर असेल तर आधी काढा, ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये तो चालत नाही. फार हळूही चालवू नका. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. तासभर 20 हर्ट्झवर ठेवली तर अंगावर हात ठेववेना. आम्ही 32 च्या खाली जात नाही. चिपाडाची धूळ ड्राइव्हच्या पंख्यात बसते, दर आठवड्याला ब्लोअर मारावा लागतो.

पैसे वसूल झाले, हे मनापासून सांगतो. पुढच्या हंगामात ड्राइव्हच्या रिलेवर (आतल्या स्विचवर) लाल दिवा जोडणार आहे. 22 अँपिअर ओलांडले की ऊस लावणाऱ्याला समोरच दिसेल.