मुलाखतीनंतर विचारपूस: मेल, फोन की प्रत्यक्ष फेरी?

नोकरीची मुलाखत बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत असो की जिल्ह्यातल्या हत्तरगीला, उठताना शेवटी एकच शब्द कानावर पडतो: 'कळवतो.' साहेब कन्नड असले तर 'तिळस्तीवि'. डिप्लोमा झाल्यावर अशाच एका 'कळवतो'च्या भरवशावर मी तीन आठवडे फोनकडे बघत बसलो. विचारायला गेलो तेव्हा जागा भरून आठ दिवस झाले होते. आधी विचारलं असतं तर ती जागा मलाच मिळाली असती असं नाही. पण त्या तीन आठवड्यांत मी दुसरीकडे अर्जच केला नाही, ते जास्त लागलं.

विचारायचं कसं, हे निर्णय कोणाच्या हातात आहे त्यावर ठरवा. उद्यमबागेतली लहान फौंड्री किंवा मशीन शॉप असेल तर मालक नाहीतर सुपरवायझर ठरवतो. तिथं मेल बहुधा न उघडता पडून राहतो, म्हणून फोनच करा. सकाळी शिफ्ट लागताना करू नका, कामं वाटून द्यायची घाई असते. अकरानंतर बरं. बोलणं एवढंच: "नमस्कार सर, मी मंगळवारी व्हीएमसी ऑपरेटरच्या जागेसाठी येऊन गेलो होतो. निर्णय कधीपर्यंत होईल, एवढंच विचारायचं होतं." "माझं काय झालं?" असं विचारलं की समोरचा अवघडतो आणि पुन्हा 'कळवतो' म्हणून मोकळा होतो. तारीख विचारली की बहुतेक वेळा तारीख मिळते.

मोठ्या कंपनीचं उलट. मुलाखत इथं होते, पण मंजुरी कित्येकदा पुण्याहून किंवा बेंगळुरूहून यायची असते. इथल्या माणसाला रोज फोन करून उपयोग नाही, त्याच्या हातात काहीच नसतं. इथं मेल सरस, कारण तो जसाच्या तसा वर पाठवता येतो आणि तुमचं नाव, पद, मुलाखतीची तारीख एकत्र राहते. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी चार-पाच ओळींत आभार माना आणि मुलाखतीत निघालेली एखादी नेमकी गोष्ट लिहा. गेज किंवा ड्रॉइंगबद्दलचा प्रश्न अडला असेल तर त्याचं नीट उत्तर इथं देता येतं. ती सोय फोनवर नाही. त्यांनी सांगितलेली तारीख उलटून दोन-तीन दिवस गेले की त्याच मेलला जोडून एकदा विचारा, नवा मेल काढू नका.

व्हॉट्सअ‍ॅप फक्त त्यांनीच तिथून मुलाखतीला बोलावलं असेल तर. व्हॉइस मेसेज तर नकोच.

प्रत्यक्ष फेरी मला सरसकट पटत नाही. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या मुली-बायकांना राज्याच्या साध्या बसने तिकिटाचे पैसे पडत नाहीत, त्यामुळे खानापूर-निपाणीहून येणं परवडतं. पण दिवस तर जातोच, आणि मोठ्या कारखान्यात वॉचमन गेटवरूनच परत लावतो. खासगी मराठी शाळेत मात्र मुख्याध्यापकांना आधी विचारून भेटणं चालतं, विशेषतः राहिलेला दाखला द्यायचा असेल तर. ओळखीच्या पुढाऱ्याला सोबत नेऊ नका. सरकारी भरतीत तर शिफारस आणली तर उमेदवारी रद्द होईल असं जाहिरातीतच छापलेलं असतं, तिथं निकालाची यादी बघत राहणं एवढंच हातात.

भाषेचा धसका घेऊ नका. 'नमस्कार सर' मराठी-कन्नड दोन्हीकडे चालतं. पुढं समोरचा कन्नडमध्ये बोलला आणि आपलं कन्नड मोडकं असलं तरी दोन वाक्यं तरी कन्नडमध्ये बोला, मग हिंदीवर या.

हातात दुसरी नोकरी असेल तर मोठ्या कंपनीलाही आधी फोनच करा. समजा, शिनोळीच्या कारखान्यानं सोमवारी हजर व्हायला सांगितलंय आणि मन मात्र बेळगावच्या जागेत अडकलंय. तेव्हा मेलच्या उत्तराची वाट बघण्यात शनिवार निघून जाईल. "सर, मला सोमवारी दुसरीकडे हजर व्हायचंय, पण माझी पहिली पसंती तुमच्याकडं आहे. शुक्रवारपर्यंत कळेल का?" असं सरळ विचारा, आणि तेच दोन ओळींत मेलवर पाठवून ठेवा. हातात खरंच दुसरं पत्र नसेल तर हे वाक्य वापरू नका. उद्यमबाग ते शिनोळी अंतर फार नाही, आणि मालक मंडळी एकमेकांना ओळखतात.